मेंदूची वीज : रेषेपासून नकाशापर्यंत

एखाद्याला वारंवार फिट येऊ लागली की डॉक्टर ई.ई.जी. काढायला सांगतात. डोक्यावर ठिकठिकाणी धातूच्या छोट्या चकत्या चिकटवल्या जातात, त्यांच्या तारा यंत्राला जोडल्या जातात आणि रुग्णाला डोळे मिटून स्वस्थ पडून राहायला सांगितले जाते. पूर्वी यंत्रातून लांबच लांब कागद सरकत बाहेर येई आणि आठ किंवा सोळा लेखण्या त्यावर एकाखाली एक नागमोडी रेषा ओढत जात. आता त्याच रेषा संगणकाच्या पडद्यावर सरकतात. पाहणाऱ्याला त्या सगळ्या सारख्याच वाटतात. जाणकार डॉक्टर मात्र त्यांतल्या एखाद्या टोकदार उंचवट्यावर बोट ठेवतात आणि दोष मेंदूच्या कोणत्या भागात असावा याचा अंदाज सांगतात.

मेंदूतली वीज मुळात डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही. ती दिसावी म्हणून कोणी तिला प्रकाशाच्या ठिपक्याचे रूप दिले, कोणी रेषेचे, कोणी रंगीत नकाशाचे. रूप बदलले की काही नव्या गोष्टी दिसू लागल्या, काही झाकल्या गेल्या; आणि क्वचित जे नव्हतेच तेही दिसल्यासारखे वाटले. हा इतिहास मुख्यतः दोन संशोधकांभोवती फिरतो. एक येना येथील हान्स बर्गर आणि दुसरे ब्रिस्टल येथील विल्यम ग्रे वॉल्टर. मुलांना आलेख काढायला आणि वाचायला शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला त्यात विचार करण्याजोगे काही सापडेल.

भिंतीवरचा ठिपका

रिचर्ड कॅटन हे इंग्लंडमधील लिव्हरपूलचे डॉक्टर. पुढे ते त्या शहराचे महापौरही झाले. १८७५ साली एडिंबरा येथे ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या सभेत त्यांनी ससे आणि माकडे यांच्यावरील आपल्या प्रयोगांची माहिती दिली. प्राण्याच्या मेंदूचा पृष्ठभाग उघडा करून त्यावर दोन तारांची टोके टेकवली आणि त्या तारा संवेदनक्षम गॅल्व्हानोमीटरला जोडल्या, की क्षीण विद्युतप्रवाह सतत कमीजास्त होताना दिसे. डोळ्यावर प्रकाश टाकला की मेंदूच्या ठरावीक भागातील प्रवाह बदलत असे.

हा बदल दिसे तो कसा? या गॅल्व्हानोमीटरमध्ये काट्याच्या जागी एक चिमुकला आरसा टांगलेला होता. दिव्याचा झोत आरशावर पडून समोरच्या मोजपट्टीवर ठिपका उमटे. आरसा एक अंश वळला तर परावर्तित किरण दोन अंश वळतो, हे आपण प्रकाशाच्या धड्यात शिकवतोच. शिवाय पट्टी जितकी दूर ठेवावी तितका ठिपका अधिक सरकतो. म्हणजे प्रकाशकिरण हा वजन नसलेला, हवा तितका लांब करता येणारा काटाच झाला. युक्ती नामी होती, पण तिच्यात एक उणीव होती. ठिपका मागे काहीच खूण ठेवत नव्हता. प्रयोग संपला की पुरावाही संपला. ज्यांनी तो डोळ्यांनी पाहिला नाही त्यांनी कॅटन यांच्या शब्दावरच विश्वास ठेवायचा.

ही उणीव छायाचित्रणाने दूर केली. सरकत्या प्रकाशसंवेदी कागदावर ठिपका पाडला, तर त्याची रेषा होते. कीव्ह येथील प्रावदिच-नेमिन्स्की यांनी कुत्र्याच्या मेंदूतील विद्युतबदलांची अशी छायाचित्रे १९१३ साली प्रसिद्ध केली. आता ठिपक्याचा इतिहास कागदावर राहू लागला. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर विद्युतदाब. पुढच्या सगळ्या संशोधनाचा पाया हा एवढासा आलेख आहे.

माणसाच्या बाबतीत अडचण मोठी होती. मेंदूतील चेतापेशी एकमेकींना संदेश देतात तेव्हा त्यांच्यात आणि त्यांच्या भोवती सूक्ष्म प्रवाह वाहतात. एका पेशीचा प्रवाह डोक्याबाहेरून कळणे शक्य नाही. हजारो पेशी एका तालात काम करू लागल्या तरच त्यांची बेरीज कवटी आणि त्वचा ओलांडून बाहेर जाणवते, आणि तीही साधारण ५० मायक्रोव्होल्ट इतकीच. टॉर्चच्या सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. म्हणजे त्याचा तीस हजारावा भाग मोजायचा, आणि तोही अशा डोक्यावर, जेथे डोळ्याची पापणी लवली किंवा दात आवळले तरी स्नायूंची त्याहून मोठी वीज मध्ये येते.

येना येथील प्राध्यापक

हान्स बर्गर यांचा जन्म १८७३ सालचा. तरुणपणी लष्करी सेवेत असताना ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखाली येता येता वाचले. त्याच दिवशी घरून, त्यांची खुशाली विचारणारी वडिलांची तार आली. दूर गावी असलेल्या बहिणीला भावावर संकट आल्याचे वाटले होते आणि तिने वडिलांना तार करायला लावले होते. आपल्या मनाची भीती बहिणीच्या मनापर्यंत पोचली, अशी बर्गर यांची खात्री झाली. मनाची काही एक ऊर्जा असली पाहिजे आणि ती मोजता आली पाहिजे, या कल्पनेने त्यांना आयुष्यभर सोडले नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ झाले, येना येथे प्राध्यापक झाले. मेंदूतील रक्ताभिसरण मोजून पाहिले, मेंदूचे तापमान मोजून पाहिले. त्यातून फारसे हाती लागले नाही, तेव्हा ते विजेकडे वळले.

६ जुलै १९२४ रोजी, शस्त्रक्रियेमुळे कवटीचा काही भाग काढलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरून त्यांना गॅल्व्हानोमीटरची बारीक थरथर प्रथम मिळाली. हे संशोधन प्रसिद्ध झाले ते मात्र १९२९ साली. मधली पाच वर्षे बर्गर स्वतःलाच प्रश्न विचारत होते. ही थरथर हृदयाच्या ठोक्याची तर नाही? श्वासाची? नाडीबरोबर हलणाऱ्या त्वचेची? स्नायूंची? एकेक शंका घ्यायची आणि ती खोटी ठरेल असा प्रयोग करायचा, असे काम चालू होते. कवटी शाबूत असलेल्या माणसांवर प्रयोग झाले. त्यांचा मुलगा क्लाउस त्यांचा नेहमीचा प्रयोगपात्र होता. क्लिनिकमधील सहकाऱ्यांनाही या कामाची फारशी कल्पना नव्हती.

१९२९ च्या लेखातील एक आकृती पुढे फार प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन रेषा आहेत. वरची रेषा मेंदूची, काहीशी अनियमित. खालची अगदी नियमित, एका सेकंदाला दहा लहरींची. ती मेंदूची नाही. ती केवळ वेळ मोजण्यासाठी यंत्राने काढलेली आहे. वरच्या आणि खालच्या लहरी शेजारी ठेवून मोजल्या की कळते, मेंदूचा तालही सेकंदाला सुमारे दहाचाच आहे. वाचकाने लेखकावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. तो स्वतः मोजू शकतो. दुसऱ्या काही आकृत्यांत बर्गर यांनी हृदयाचा आलेखही सोबत छापला. मेंदूच्या लहरी ठोक्यांच्या तालात नाहीत, हे त्यामुळे नुसत्या नजरेने पटते.

या मोठ्या, संथ लहरींना त्यांनी 'अल्फा' आणि लहान, जलद लहरींना 'बीटा' अशी नावे दिली. डोळे मिटून स्वस्थ बसले की अल्फा लहरी उमटतात. डोळे उघडले, किंवा तोंडी गणित घातले, की त्या मावळतात. ज्या बदलाला आपण 'लक्ष देणे' म्हणतो त्याची खूण प्रथमच कागदावर उमटली होती.

केंब्रिजमधील पडताळा

तरीही पाच वर्षे या शोधाकडे बहुतेकांनी काणाडोळा केला. बर्गर शरीरक्रियाशास्त्रज्ञ नव्हते, विद्युतयंत्रांचे जाणकारही नव्हते. शिवाय इतक्या गुंतागुंतीच्या मेंदूतून इतका साधा, झोपाळ्यासारखा ताल बाहेर पडावा हे अनेकांना संशयास्पद वाटले. एकेका चेतातंतूचे संदेश मोजण्याबद्दल १९३२ चे नोबेल पारितोषिक शेरिंग्टन यांच्यासह मिळवलेले एडगर एड्रियन हेही साशंक होते. पण त्यांनी शंका तोंडीच ठेवली नाही. आपले सहकारी ब्रायन मॅथ्यूज यांच्यासह त्यांनी केंब्रिजमध्ये विवर्धक जोडून प्रयोग करून पाहिला. एड्रियन यांच्या स्वतःच्या डोक्यावरच अल्फा लहरी ठसठशीत मिळाल्या. १९३४ साली त्यांनी फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत त्या सर्वांसमोर दाखवल्या आणि लहरींना 'बर्गर ताल' असे नाव दिले.

या पडताळ्यात बर्गर यांचे एक म्हणणे टिकले नाही. बर्गर बहुधा एक टोक कपाळावर आणि दुसरे डोक्याच्या मागे लावत. त्यामुळे त्यांना एकच रेषा मिळे आणि हा ताल संपूर्ण मेंदूचा आहे असा त्यांचा समज झाला. एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी टोकांच्या जागा बदलून पाहिल्या, तेव्हा हा ताल मुख्यतः डोक्याच्या मागच्या भागातून, म्हणजे दृष्टीशी संबंधित भागातून येतो असे दिसले. मूळ वीज तीच होती, मोजण्याची मांडणी वेगळी होती. एका रेषेला 'केव्हा' एवढेच सांगता येते. 'कोठे' हे सांगायला एकाहून अधिक रेषा लागतात.

बर्गर यांच्या उत्तरायुष्याबद्दल येथेच सांगितले पाहिजे. १९३८ साली ते निवृत्त झाले आणि १ जून १९४१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. नाझी राजवटीने छळलेला एकाकी शास्त्रज्ञ, अशी त्यांची कथा पुस्तकांतून अनेक वर्षे छापली गेली. पुढे इतिहासकारांनी जुनी कागदपत्रे तपासली, तेव्हा वेगळेच दिसले. बर्गर हे एस.एस. या नाझी संघटनेला वर्गणी देणारे सदस्य होते, आणि माणसांची सक्तीने नसबंदी करण्याचे निर्णय देणाऱ्या 'आनुवंशिक आरोग्य न्यायालया'च्या कामातही त्यांचा सहभाग होता. त्यांच्या आलेखांचे मोल यामुळे कमी होत नाही. पण माणसाचे चित्र बदलते. हृदयस्पर्शी कथा पुराव्याला पर्याय ठरत नाही, हे विज्ञानाप्रमाणे इतिहासातही खरे आहे.

गाठ कोठे आहे?

'कोठे' हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला ते विल्यम ग्रे वॉल्टर. १९१० साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे जन्मलेले वॉल्टर इंग्लंडमध्ये वाढले आणि केंब्रिजमध्ये शिकले. यंत्रे स्वतः जुळवण्याचा त्यांना नाद होता. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात त्यांना रुग्णांवर काम करण्याची संधी मिळाली. १९३६ साली त्यांनी दाखवले, की मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांत गाठीच्या जागेभोवती फार संथ, सेकंदाला तीन-चारपेक्षाही कमी अशा लहरी मिळतात. त्यांना त्यांनी 'डेल्टा' हे नाव दिले. गाठ स्वतः विद्युतदृष्ट्या मुकीच असते; संथ लहरी येतात त्या तिच्या दाबाखाली असलेल्या शेजारच्या भागातून.

पण डोक्याबाहेरून ती जागा हेरायची कशी? युक्ती वजाबाकीची आहे. समजा, डोक्यावर एका ओळीत क, ख आणि ग असे तीन इलेक्ट्रोड आहेत. पहिली लेखणी 'क वजा ख' हा फरक काढते, दुसरी 'ख वजा ग' हा फरक. आता ख च्या खालीच बिघाड असेल आणि तेथील दाब एकदम खाली गेला, तर 'क वजा ख' वाढतो आणि 'ख वजा ग' घटतो. एक लेखणी वर जाते, त्याच क्षणी दुसरी खाली. दोन रेषा एकमेकींकडे पाठ फिरवतात किंवा तोंड करतात तेथे दोन्हींत सामाईक असलेला इलेक्ट्रोड हा संशयित. फळ्यावर तीन आकडे लिहून नववीच्या मुलांकडूनही हे करून घेता येईल. सी.टी. स्कॅन १९७० च्या दशकात आले. तोवर कवटी न उघडता गाठीचा माग काढण्याच्या मोजक्या साधनांत या रेषांचा समावेश होता.

बावीस नळ्यांचा पट

१९३९ साली वॉल्टर ब्रिस्टल येथे नव्याने सुरू झालेल्या बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेले. रेषा वाढत गेल्या तशी एक नवी अडचण पुढे आली. एक हिशेब करून पाहू. ई.ई.जी.चा कागद सेकंदाला ३ सेंटिमीटर सरकतो. अर्ध्या तासात, म्हणजे १८०० सेकंदांत, ५४ मीटर कागद होतो. त्यावर सोळा रेषा असतील तर सगळ्या मिळून साडेआठशे मीटरांहून अधिक लांबीची रेषा वाचावी लागते. आणि खरा प्रश्न एकेका रेषेचा नसतो. या क्षणी पुढच्या भागात काय चालले आहे आणि त्याच क्षणी मागच्या भागात काय, त्यांचा ताल जुळतो आहे की मागेपुढे आहे, हे पाहायचे असते. डोळा एका वेळी एकच रेषा धरू शकतो.

वॉल्टर यांनी हे काम यंत्रावर सोपवण्याचे ठरवले. १९४० च्या दशकात त्यांनी असा विश्लेषक तयार केला, की दर दहा सेकंदांच्या लहरींत कोणती वारंवारता किती आहे हे तो त्याच कागदावर उंचसखल रेघांनी दाखवी. त्यापुढचे पाऊल म्हणजे हॅरोल्ड शिप्टन यांच्या साहाय्याने उभारलेला 'टोपोस्कोप'. १९५१ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

जुन्या टीव्हीत असते तशा जातीच्या बावीस लहान चित्रनळ्या एका फळीवर, डोक्याच्या नकाशाप्रमाणे मांडल्या होत्या. नाकाकडचा भाग एका बाजूला, मानेकडचा दुसऱ्या. डोक्यावरील प्रत्येक जागेसाठी एक नळी. नळीच्या पडद्यावर प्रकाशाची एक त्रिज्या घड्याळाच्या काट्यासारखी गरगर फिरत असे. मेंदूतील दाब वाढला की काटा उजळायचा, कमी झाला की मंदावायचा.

गंमत पुढेच आहे. समजा, काटा सेकंदाला दहा फेऱ्या घेतो आणि मेंदूच्या त्या भागातील लहरीही सेकंदाला दहाच आहेत. मग प्रत्येक फेरीत काटा एकाच दिशेला असताना उजळेल आणि पडद्यावर पंख्याच्या एका पात्यासारखा प्रकाशाचा स्थिर पट्टा दिसेल. लहरी वीस असतील तर समोरासमोर दोन पाती दिसतील. लहरी दहाहून किंचित कमीजास्त असतील तर पाते हळूहळू सरकत राहील. दोन नळ्यांवरील पाती वेगवेगळ्या दिशांना असतील, तर त्या दोन भागांचा ताल एकच, पण एक दुसऱ्याच्या मागे आहे. लुकलुकणाऱ्या दिव्याखाली फिरता पंखा थांबल्यासारखा दिसतो त्यामागील तत्त्व येथेही आहे. वारंवारता, तीव्रता, जागा आणि मागेपुढेपण अशा चार गोष्टी एका नजरेत! वॉल्टर डोळ्यांसमोर दिव्याची उघडझाप करून ती काट्याच्या फेऱ्यांशी जुळवत. मग तो प्रकाश मेंदूत कोठवर 'पोचतो' हे नळ्यांवर दिसे आणि त्याचे छायाचित्र घेतले जाई.

मेंदूच्या कामाचे असे हलते चित्र पाहणारा थक्क होत असे. वॉल्टर यांना लोकांना विज्ञान दाखवण्याची हौसही दांडगी होती. प्रकाशाकडे चालत जाणारी, अडथळा आला की वळसा घालणारी त्यांची यांत्रिक कासवे याच काळातली.

पण टोपोस्कोप रुग्णालयांत रुजला नाही. यंत्र अवजड होते, ते चालवायला त्याचे कर्तेच लागत. त्याहून मोठी अडचण अशी, की चित्र देखणे असले तरी त्यातून आकडा काढणे अवघड होते. रेषेवर पट्टी ठेवून लहरीची उंची मोजता येते, दोन शिखरांमधील अंतर मोजता येते, सहा महिन्यांपूर्वीच्या कागदाशी ताडून पाहता येते. चमकत्या पात्याचा उजेड मोजायचा कसा? शिवाय फिट येण्यापूर्वीची टोकदार लहर ही एकदाच येऊन जाते, आणि टोपोस्कोप मुळात फिरून फिरून येणाऱ्या तालासाठी होता. डॉक्टर कागद आणि लेखण्यांकडेच राहिले.

एकावर एक रेषा

याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज डॉसन यांनी दिसायला अगदी साधी वाट धरली होती. मनगटाच्या मज्जातंतूला विजेचा सौम्य धक्का दिला, की मेंदूत त्याचे उत्तर उमटले पाहिजे. पण ते उत्तर इतके लहान असते, की नेहमीच्या लहरींत बुडून जाते. डॉसन यांनी १९४७ साली धक्क्यांनंतरच्या अनेक रेषा एकाच छायाचित्रावर एकावर एक पाडल्या. नेहमीच्या लहरी दर वेळी वेगळ्या असल्याने त्यांचा नुसता गोंधळ झाला. उत्तर मात्र दर वेळी त्याच जागी असल्याने तेथे रेषा गडद झाली. पुढे हीच बेरीज करणारे यंत्र त्यांनी बनवले.

याचे गणित सोपे आहे. अनियमित लहरींची सरासरी काढली, तर त्या जितक्या वेळा मोजल्या त्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत लहान होतात. नेहमीच्या लहरी ५० मायक्रोव्होल्टच्या आणि उत्तर ५ मायक्रोव्होल्टचे असेल, तर शंभर वेळांच्या सरासरीत लहरी ५ वर येतात आणि चारशे वेळांच्या सरासरीत अडीचवर. उत्तर मात्र ५ च राहते आणि वर डोके काढते.

वॉल्टर यांचा सर्वांत टिकाऊ शोध या साध्या मार्गाने लागला, हे विशेष. १९६४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाला एक 'टिक्' असा आवाज ऐकवायचा आणि सेकंदाने दिव्याची उघडझाप सुरू करायची. नुसते एवढेच केले तर दोहोंच्या मधल्या सेकंदात विशेष काही दिसत नाही. पण 'दिवा लागला की बटण दाबून तो बंद करा' असे सांगितले, की डझनभर वेळांच्या सरासरीत मधल्या सेकंदात रेषा हळूहळू ऋण बाजूला झुकते आणि बटण दाबताच मूळ जागी येते. 'दिवा लागेलच असे नाही' अशी शंका मनात आली, की हा झुकाव लहान होतो. माणूस बाहेरून काहीच करत नसतो. तो केवळ वाट पाहत असतो. त्या वाट पाहण्याची खूण सुमारे वीस मायक्रोव्होल्टच्या एका रेषेत सापडली. मन मोजायला निघालेल्या बर्गर यांना अशा खुणेचाच ध्यास होता. ती सापडली ती मात्र बावीस नळ्यांच्या झगमगाटात नव्हे, तर एका साध्या रेषेत.

१९७० साली स्कूटरच्या अपघातात वॉल्टर यांच्या मेंदूलाच गंभीर इजा झाली. १९७७ साली त्यांचे निधन झाले.

दोन इलेक्ट्रोडांमधील जागा

वॉल्टर यांची नकाशाची कल्पना पुढे संगणकाने उचलली. १९७९ साली बोस्टन येथील फ्रँक डफी आणि त्यांचे सहकारी यांनी ई.ई.जी.चे आकडे संगणकात घालून डोक्याचे रंगीत नकाशे काढण्याची पद्धत मांडली. असे नकाशे लवकरच लोकप्रिय झाले. लाल म्हणजे जास्त, निळे म्हणजे कमी. चित्र कोणालाही समजते. निदान समजले असे वाटते.

या नकाशातील किती भाग खरोखर मोजलेला असतो? इलेक्ट्रोड कोठे लावावेत याची सर्वमान्य पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतचे अंतर घ्यायचे आणि त्याच्या १० व २० टक्क्यांवर खुणा करायच्या. हे अंतर ३५ सेंटिमीटर असेल, तर शेजारच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये ७ सेंटिमीटर जागा राहते. अशा सुमारे वीस बिंदूंवर मोजमाप होते. मधल्या सगळ्या जागेचा रंग आसपासच्या आकड्यांवरून हिशेबाने भरलेला असतो. शिवाय कोणत्या आकड्याला पिवळा संपून लाल सुरू होतो हे माणूस ठरवतो. ती सीमा थोडी सरकवली, की तोच मेंदू शांत किंवा खवळलेला दिसू शकतो. डोळ्याच्या पापणीची हालचाल कागदावरील रेषेत जाणकाराला लगेच ओळखू येते. नकाशात तीच कपाळामागचा लाल डाग बनून बसते. म्हणूनच, रेषा न वाचता केवळ नकाशावरून निदान करू नये, असे मेंदूतज्ज्ञांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले. आजही रुग्णालयात आधी रेषा वाचल्या जातात. नकाशा जोडीला असतो.

हा धडा ई.ई.जी.पुरता नाही. एफ.एम.आर.आय. यंत्राच्या चित्रांत मेंदूचे 'उजळलेले' भाग दिसतात तेही मोजमापावर संख्याशास्त्राचा हिशेब करून रंगवलेले असतात. २००९ साली अमेरिकेतील काही संशोधकांनी एक मेलेला सामन मासा अशा यंत्रात ठेवला आणि त्याला माणसांची छायाचित्रे 'दाखवली'. हजारो बिंदूंवर एकाच वेळी चाचणी घेताना जी सांख्यिकीय दुरुस्ती करावी लागते ती वगळली, तेव्हा मेलेल्या माशाच्या मेंदूतही काही बिंदू उजळले! दुरुस्ती केली की ते नाहीसे झाले. यंत्र खोटे बोलत नव्हते. हिशेबातील एक पायरी गाळली होती, आणि चित्राकडे पाहून ते कळत नव्हते.

वर्गात हे करून पाहता येईल. शाळेच्या मैदानाच्या चार कोपऱ्यांवर दुपारचे तापमान मोजा. चौघांच्या सरासरीने मैदानाच्या मध्याचे तापमान काढा आणि मुलांना नकाशा रंगवू द्या. मग मध्यावर जाऊन प्रत्यक्ष मोजा. आसपास एखादे झाड किंवा पाण्याची टाकी असेल तर तेथेही मोजा. मोजलेल्या जागा ठिपक्यांनी आणि हिशेबाने भरलेल्या जागा रेघांनी दाखवायला सांगा. एकाच आकडेवारीचे दोन वेगळ्या रंगसीमा घेऊन दोन नकाशे काढले, तर चर्चा आणखी रंगेल.

कॅटन यांचा ठिपका, बर्गर यांची रेषा, वॉल्टर यांच्या नळ्या आणि डफी यांचे नकाशे ही सारी मेंदूकडे पाहण्याची साधने आहेत, आणि प्रत्येकाने काहीतरी नवे दाखवले. त्यांतली टिकली ती मात्र पाहणाऱ्याला पडताळा घेऊ देणारी. म्हणून वर्तमानपत्रात किंवा पाठ्यपुस्तकात मेंदूचे रंगीत चित्र दिसले, की विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारायची सवय लावावी. यात मोजलेले किती आणि हिशेबाने भरलेले किती? मांडणी बदलली तर निष्कर्ष तोच राहील का? आणि बर्गर यांनी मेंदूच्या रेषेखाली सेकंदाला दहा लहरींची जी दुसरी रेषा काढली होती, तशी तुलनेची रेषा या चित्रात कोठे आहे?